खांद्यावरची खूण

सडकेवरून पाहिले तर हातोडे आवाज न करता पडत होते. हातोडा खाली आला की दगड फुटलेला दिसे, बाईचा हात पुन्हा वर जाई, आणि तो वर पोचून क्षणभर थांबला की मग आधीच्या घावाचा आवाज येई. जणू तो दगडातून नव्हे, रिकाम्या आभाळाला हातोडा लागल्यामुळे निघत होता. वैशाखातली सकाळ उलटत आली होती. उन्हाने शिवाराच्या कडा विरघळवल्या होत्या, तापलेल्या खडकाचा आणि सुरुंगाच्या जळक्या दारूचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि माझ्या डोक्यावर नव्या लाल कापडाची कमान होती, जिचा रंग वहीच्या पानावर उतरला होता. त्या लाल पानावर मी लिहिले: सडकेपासून खडी फोडणाऱ्या बायकांपर्यंत एकशे सत्तर मीटर. हे अंतर मी पावलांनी मोजले नव्हते. आवाज अर्धा सेकंद उशिरा येत होता, त्यावरून काढले होते. आपल्या त्या हुशारीचे मला तेव्हा कौतुक वाटले. आज त्याच कौतुकाचा संताप येतो.

बहात्तरचा पाऊस आला नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत, आणि सास्तूरकडचा मुलूख उमरगा तालुक्यात होता. मी उमरग्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे आणि उरलेल्या वेळात सोलापूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्या दैनिकाने मला दोन गोष्टी शिकवल्या. विशेषण लिहू नये, आणि जे स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच लिहावे. दोन्ही नियम चांगले आहेत. दोन्ही पाळूनही माणसाच्या हातून काय होऊ शकते, ते या लेखात सांगायचे आहे.

त्या वर्षी नववीच्या पुस्तकात तरंगांचा धडा होता, आणि धड्याच्या आरंभीच विद्यार्थ्यांनी तळ्याकाठी जाऊन पाण्यात खडा टाकावा असे सुचवले होते. तालुक्यात खडे पुष्कळ होते. मी ओळ वाचून दाखवताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, तळं कुठं हाय ते बी लिवलंय का पुस्तकात?’’ वर्ग हसला, मीही हसलो, आणि हसण्याखाली जे कोरडे होते ते तसेच कोरडे राहिले. टँकरच्या पाण्याची घागर तरंग दाखवायला मागण्याचे धाडस मला झाले नाही. मग मी मुलांना भिंतीलगत एका रांगेत उभे केले, प्रत्येकाला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितला आणि शेवटच्या मुलाला हलकेच ढकलले. धक्का खांद्याखांद्यावरून पुढे सरकला. पाहा, मी म्हणालो, मुले जागेवरच आहेत, पुढे गेली ती फक्त हालचाल. पाण्यातही पाणी जात नाही, पाण्याचे हलणे जाते, आणि तरंगावर पडलेले पान होते तिथेच खालीवर होत राहते. आवाजही असाच हवेच्या कणांच्या खांद्यावरून येतो. या तरंगांना माध्यम लागते, आणि माध्यम लागते याचा अर्थ शेजाऱ्याने शेजाऱ्याला हलवावे लागते. प्रकाशाचे तसे नाही. सूर्यापासून इथवरच्या पोकळीत कोणाचा खांदा नाही, तरी ऊन पडते.

हे मुलांना समजले. एक अडचण मात्र आली. रांगेत एका ठिकाणी धक्का दरवेळी अडत होता. माझ्या बाजूने ढकलले की चौथ्या मुलापर्यंत तो पोचे आणि पाचव्याकडे काही जात नसे, कारण चौथ्याचा हात पाचव्याच्या खांद्यापासून चार बोटे वर, हवेत होता. मी चौथ्याला म्हणालो, ‘‘लक्ष कुठे आहे तुझे?’’ त्याने मान खाली घातली. तास संपल्याची घंटा झाली. तो हात हवेत का होता, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असणार. मी लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला, विज्ञानाचा पदवीधर, आणि मला ते दिसले नाही असे म्हणणे खोटे होईल. दिसले, पण मी त्याची नोंद घेतली नाही.

खांद्यांची ही युक्ती माझी स्वतःची नव्हती. ती मी त्याच्या महिनाभर आधी, माघात, त्या खाणीवरच पाहिली होती. सास्तूरकडच्या एका गावाच्या उतारावर दुष्काळी कामात पाझर तलावाचा बांध चालला होता, आणि त्याला लागणारा दगड व खडी पुरवण्याचे काम एका मजूर सहकारी संस्थेकडे होते. खाणीच्या तोंडापासून दीडेकशे मीटरवर बायका एका लांबलचक रांगेत बसून खडी फोडत. दिवसातून दोनदा सुरुंगाचे बार उडत. बार उडवणारे हुसेनमामा वात पेटवण्याआधी माथ्यावरच्या टेकाडावर काठीला लाल झेंडा चढवत, तोंडाने शिट्टी फुंकत, आणि सगळे बार उडून गेले की झेंडा उतरवत. झेंडा वर आहे तोवर प्रत्येकीने फोडलेल्या दगडांच्या ढिगाआड गुडघ्यांत डोके घालून बसायचे, असा रिवाज होता.

पण साठ हातोड्यांच्या गलक्यात शिट्टी फार तर जवळच्या टोकाला पोचे, आणि काम करणाऱ्या बाईचे डोळे आपल्या हाताखालच्या दगडावर असत. म्हणून बायकांनी आपली एक खूण बसवली होती. झेंडा जिला आधी दिसेल तिने शेजारणीच्या खांद्यावर दोन चापट्या मारायच्या, तिने पुढचीच्या. काही क्षणांत खूण या टोकापासून त्या टोकाला जाई आणि हातोडे एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे गप्प होत जात. मी ते सडकेवरून पाहिले तेव्हा उन्हात चमकणारी एक रेघ हळूच विझत गेल्यासारखे वाटले होते.

ही खूण बहुतेक वेळा डाव्या टोकाकडून निघे, आणि ती काढणारी बाई बहिरी होती. तिचे नाव गयाबाई. तिशीची, उंच हाडाची, बौद्ध वस्तीतली. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. रांगेच्या त्या टोकाला बौद्ध बायकांची पाचजणींची टोळी बसत असे आणि त्यांच्या रांगेत गयाबाई सगळ्यांत उजवीकडे, म्हणजे गावातल्या बाकीच्या बायकांना लागून. लागून म्हणजे, मध्ये थोडी मोकळी जागा सोडून. तिला आवाजाचे व्यवधान नव्हते, त्यामुळे दर चार घावांनंतर तिची नजर टेकाडाकडे जाई. झेंडा दिसला की डाव्या हाताने ती आपल्या टोळीतल्या बाईला दोन चापट्या मारी, आणि उजव्या हाताने एक खडा उचलून मोकळ्या जागेपलीकडे टाकी. तिकडे शेवंताबाई नावाची बाई बसे. खडा पुढ्यात पडला की ती समजे आणि आपल्या शेजारणीचा खांदा थोपटे. जिथे हात चालत नव्हता तिथे खड्याने काम भागे.

दुपारच्या भाकरीला मी त्यांच्याजवळ बसलो होतो. शेवंताबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘‘मास्तर, आमच्यात सुखी कोन आसंल तर ही गयी. मुकादमाच्या शिव्या साऱ्या आमच्या कानात, हिला एक न्हाय.’’

पलीकडून कुणी बोलली, ‘‘आन् मुकादम शिव्या दिऊन दमला की ही त्याच्याकडं बघून हसती. मग त्यो आनखी पिसाळतो.’’

गयाबाई ओठांच्या हालचालीवरून आपला विषय ओळखून हसत होती. तिच्या मांडीजवळ पाचसहा वर्षांची मुलगी झोपली होती. शेवंताबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या वहीकडे बोट केले. ‘‘लिवा की मग. बहिरीच्या डोळ्यावर साठ बाया जगत्यात म्हनावं.’’

ते वाक्य मी लिहून घेतले. माझ्या वहीत ते आजही आहे. त्याच्याखाली माझ्या अक्षरात लिहिले आहे: तरंगाचे उत्तम उदाहरण, वर्गात वापरावे.

वैशाखातल्या त्या दिवशी मी गेलो तो संस्थेचे चेअरमन येणार म्हणून. कामावर धान्याचे दुकान उघडायचे होते, त्यासाठी सडकेला कमान उभारली होती. आंब्याचे टहाळे दूरवरून आणलेले आणि वाटेतच सुकलेले. पण कापड नवे होते, गडद, आणि वाऱ्यावर असे फडफडत होते की दोन फर्लांगांवरून नजर खेचून घेई. मुकादम घड्याळ पाहत होता. चेअरमनांची जीप आली नव्हती. बारांची वेळ झाली तेव्हा मी शिट्टी ऐकली. हुसेनमामा माझ्यापासून तीनशे मीटरवर तरी असतील, पण वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता. उजव्या टोकाचे हातोडे थांबले. शांतता रांगेतून डावीकडे निघाली आणि मी सवयीने ती मोजू लागलो. ती डाव्या टोकाजवळ येऊन थांबली. सगळ्या बायका खाली वाकल्या होत्या आणि एक उंच बाई ताठ बसून टेकाडाकडे पाहत होती.

खाणीच्या तोंडापासून तिच्यापर्यंतच्या अंतराचा हिशेब मी पुढे अनेकदा केला. बार उडाला तेव्हा धुळीचा लोट तिला तत्क्षणी दिसला असणार, कारण इतक्या जवळच्या अंतराला प्रकाशाला लागणारा वेळ माणसाला जाणवत नाही. आवाज अर्ध्या सेकंदाच्या आत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या उपयोगाचा नव्हता. दगडाला दीड-दोन सेकंद लागले असतील. म्हणजे साऱ्या रांगेत बार सगळ्यांत आधी कळला तो तिलाच. तेवढ्या वेळात काय झाले ते कळते. हातातला हातोडा टाकून, वळून, ढिगाआड जाऊन वाकता येत नाही.

कपची डाव्या डोळ्यात शिरली. तिला टँकरच्या ट्रॅक्टरवर घालून आधी सडकेला आणि मग उमरग्याला नेले. ट्रॅक्टर कमानीखालून गेला. त्याच्यामागोमाग थोड्या वेळाने जीप आली.

मी संध्याकाळच्या गाडीने बातमी पाठवली. ती अशी होती: ‘खाणीत दगड लागून मजूर स्त्री जखमी. इशाऱ्याची शिट्टी देण्यात आली होती. ती प्रस्तुत वार्ताहरानेही ऐकली. मात्र सदर स्त्री जागेवरून हलली नाही.’ चार वाक्ये. चारही खरी. एकशे सत्तर मीटरवरून मला चेहरा ओळखू आला नव्हता आणि मुकादमाने सांगितलेले नाव दुसरेच होते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. उंच बाई कोण, हे विचारायला मात्र एकशे सत्तर मीटर चालावे लागले असते. मी चाललो नाही.

ते अंतर मी चौथ्या दिवशी चाललो. हुसेनमामा रिकाम्या काठीजवळ बसले होते. काठीला वर सुतळीचा तुकडा तेवढा लोंबत होता.

‘‘जुना झेंडा उन्हानं विरला व्हता, मास्तर. त्याच सकाळी वाऱ्यात फाटून गेला,’’ ते म्हणाले. ‘‘नवा कपडा आदीच मागितला व्हता. आला बी. दोन वार, लाल. मी मुकादमाला बोललो, द्या की मला. म्हनला, साहेब येऊन जाऊ द्या, मग घे. बार मातुर टायमावर उडव.’’

मी सडकेकडे पाहिले. कमान तशीच होती. माझ्या वहीचे लाल पान मला आठवले. ज्या कापडाखाली सावलीला उभे राहून मी आवाजाचा वेग मोजत होतो, तेच कापड ती बाई टेकाडावर शोधत होती.

‘‘शिट्टी मी जीव तोडून मारली,’’ हुसेनमामा पुढे म्हणाले. ‘‘पन शिट्टी तिच्या काय कामाची? साऱ्या कामावर ठाऊक हाय की. तुमाला बी ठाऊक व्हतं.’’

मग रांगेत गेलो. गयाबाईच्या टोळीतल्या चौघी त्या वेळी पाट्या भरून ढिगावर ओतायला गेल्या होत्या. त्या तिथेच आडव्या झाल्या आणि तिथूनच ओरडल्या. म्हणजे तिच्या डाव्या हाताला त्या क्षणी कोणी नव्हते. उजव्या हाताला शेवंताबाई होती. खूण पन्नासएक खांद्यांवरून तिच्यापर्यंत बिनचूक आली होती. शेवंताबाईने डोळे वर न करता दगड फोडणे चालू ठेवले आणि मी न विचारताच म्हणाली, ‘‘म्या हाका मारल्या की, मास्तर. तीनदा. घसा फाटंस्तवर.’’

‘‘तिला ऐकू येत नाही हे तुम्हांला माहीत होतं.’’

‘‘ठावं व्हतं.’’

हातोडा दोनदा पडला. इतक्या जवळून आवाज आणि घाव एकाच वेळी येत होते.

‘‘मग खडा तरी टाकायचा.’’

‘‘खडा ती टाकती. आमी कदी टाकला न्हाय. आमाला टाकायची पाळीच आली न्हाय कदी, तिलाच आदी दिसायचं.’’ तिने नवा दगड पुढ्यात ओढला. ‘‘आन् हात कसा लावू? शिवलं की आंघूळ करावी लागती. घरात सासू घागरी मोजती. पानी कुठलं आनू, मास्तर?’’

मी त्या उत्तराचा राग धरायचे ठरवले होते, पण तो नीट धरता आला नाही. तो हातातून निसटून कमानीकडे, मुकादमाकडे, घागरी मोजणाऱ्या न पाहिलेल्या सासूकडे, माझ्या वर्गातल्या चौथ्या मुलाच्या हवेतल्या हाताकडे आणि अखेर माझ्याकडे येत राहिला. दुष्काळाने विहिरी आटवल्या, जनावरे नेली, जमीनवाल्या शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला एकाच रांगेत खडी फोडायला बसवले. आणि त्या रांगेतली एवढीशी मोकळी जागा मात्र त्याला बुजवता आली नाही. उलट विटाळ धुवायलाही पाणी नाही म्हणून ती जागा त्या वर्षी अधिक कडेकोट पाळली गेली. रोज बसून बसून जमिनीत खळगे पडले होते. मी गयाबाईच्या खळग्यापासून शेवंताबाईच्या खळग्यापर्यंत मोजले. दोन हात भरले. बसल्या जागेवरून थोडे कलले असते तर पुरले असते.

तरंगांच्या शास्त्रात याला काही विशेष नाव नाही. माध्यम तुटले की तरंग तिथे थांबतो, एवढेच म्हणतात. जिथे तो थांबतो तिथे आलेली ऊर्जा नाहीशी होत नाही, हेही शिकवतात. शेवंताबाईच्या खांद्यावर आलेल्या त्या दोन चापट्यांचे काय झाले, ते मला सांगता येणार नाही. झेंडा असता तर यांतले काहीच घडले नसते. प्रकाशाला वाटेत कोणाला शिवावे लागत नाही; तो बांधाच्या मुकादमावर आणि बौद्ध टोळीवर एकाच वेळी पडतो. त्या साऱ्या कामावर भेद न करणारी अशी एकच वस्तू होती, दोन वार कापडाची, आणि ती स्वागताला लावली होती.

मी दुसरी बातमी पाठवली. तिच्यात झेंडा होता, कमान होती, दोन हातांचे मोजमाप होते. आठवड्याने दैनिकाच्या कार्यालयाचे कार्ड आले: ‘इशारा देण्यात आला होता असे आपणच कळवले आहे. परस्परविरोधी मजकूर छापता येत नाही.’ चौकशी झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी माझे पहिले कात्रण कागदांना जोडले. निष्कर्षाची ओळ मी नंतर वाचली. ‘सदर स्त्रीने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.’ दरम्यान तिचा दुसरा डोळाही सुजत, दुखत, अंधारत गेला. एका डोळ्याला खोल जखम झाली की कधी कधी दुसराही त्याच्यामागे जातो, असे डॉक्टर म्हणाले. आषाढात पाऊस पडला. तो तिला दिसला किंवा नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

तेरा वर्षांनी एक तरुण मुलगी शाळेत मला शोधत आली. माघातल्या त्या दुपारी आईच्या मांडीजवळ झोपलेली ती हीच, नाव सुजाता. ती धाराशिवला अध्यापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करत होती. आईच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कागद जमवताना चौकशीची नक्कल तिच्या हाती आली होती आणि तिला जोडलेले कात्रणही. ती खुर्चीवर बसली नाही.

‘‘हे तुम्ही लिहिलंय, सर?’’

‘‘हो.’’

‘‘मला दुसरं काही नको. हा एक शब्द खोडायचाय.’’ तिने ‘दुर्लक्ष’वर बोट ठेवले. इथवर तिची भाषा कॉलेजातली होती; पुढे ती घसरली. ‘‘माझ्या आयनं कधी दुर्लक्ष केलं न्हाय. ती साऱ्यांच्या आधी बघायची. तवा बी बघतच व्हती.’’

मी दोन पानांचे निवेदन लिहिले. माझी वही, तिच्यातले शेवंताबाईचे वाक्य, रिकामी काठी, सगळे त्यात घातले, खाली सही केली आणि दैनिकाला व चौकशीच्या कचेरीला पाठवले. चार महिन्यांनी कचेरीचे उत्तर आले की प्रकरण निकाली निघाले असून फेरविचार करता येत नाही. ते उत्तर घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. टपालानेही पाठवता आले असते. या वेळी मात्र चालायचे ठरवले होते.

गाडी सडकेवर सोडते. कमान जिथे होती तिथे आता ऊस तोलण्याचा काटा होता, आणि पलीकडे तलावात, बांधाच्या पायथ्यापाशी, थोडे पाणी होते. त्यावर कार्तिकातले तिरपे ऊन पडले होते आणि वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा ते ऊन काठाकाठाने हलवत होत्या. तालुक्यात आता तळे होते. त्याच्या दगडांत गयाबाईने फोडलेला दगड कोणता, हे कोणी सांगू शकत नाही.

सुजाताने उत्तर वाचले आणि घडी केली. ‘‘म्हंजे शब्द तसाच ऱ्हाईला,’’ ती म्हणाली. ओट्यावर तिची आई बसली होती. केस पांढरे, पाठ अजून ताठ, चेहरा उन्हाकडे. ऊन तिला दिसत नव्हते, पण गालावर लागत होते. मी समोर उभा राहिलो. माझे येणे, माझा नमस्कार, माझी सावली, यांतले काही तिच्यापर्यंत जात नव्हते. तिच्याकडे जाण्याचे सगळे मार्ग बंद झाले होते. उरला होता तो एकच, जो त्या दिवशी तिला मिळाला नव्हता.

‘‘खांद्यावर हात ठेवा,’’ चहा करायला आत जाताना सुजाता म्हणाली. ‘‘कुनी आलंय ते कळतंय तिला.’’

हात ठेवा, असे ती म्हणाली होती. मी का तसे केले नाही, हे मला आजही नीट मांडता येत नाही. इतकी वर्षे जी खूण अडून राहिली ती आता तरी पोचवावी, असे काहीसे मनात आले असावे. विचार म्हणून त्याची किंमत शून्य होती. मी तिच्या उजव्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या.

तिचे सारे अंग आवळले. आतून सुजाता ओरडत आली, ‘‘दोनदा नगा मारू, सर! हात ठेवा म्हनलं व्हतं!’’ पण तोवर गयाबाईचा डावा हात पसरून हवेत शेजारीण शोधू लागला होता. तो हात रिकामा राहिलेला पाहवेना, म्हणून मी घाईने तिच्या डाव्या बाजूला ओट्यावर बसलो. तिची बोटे माझ्या खांद्याला लागली, खांदा आहे याची खात्री करून घेतली, आणि दोन चापट्या बसल्या. त्या मी मारल्या होत्या त्याहून कितीतरी जोराच्या होत्या.

मला वाटले, झाले. पण तिचा उजवा हात ओट्याखालच्या मातीत चाचपत होता. एक खडा सापडला. तो तिने मुठीत धरला, अंदाज घेतला, आणि उजवीकडे टाकला, फार जोराने नाही, समोरच्याला लागू नये इतक्या बेताने. खडा बरोबर दोन हातांवर जाऊन पडला. धुळीचा लहानसा लोट उठला आणि खाली बसला. तिथे कोणी नव्हते.

मग तिने गुडघ्यांत डोके घातले.

सुजाता दारात उभी होती. ‘‘आता अशीच बसंल,’’ ती म्हणाली, मला की स्वतःला ते कळले नाही. ‘‘झेंडा उतरल्याबिगर ती उठत न्हाय.’’

बार उडून गेले, आता उठा, याची खूण नेहमी डोळ्यांना होत असे. हाताला करायची अशी खूण बायकांनी कधी बसवलीच नव्हती. मी तिच्या शेजारी बसून राहिलो. समोर ऊन उतरत होते.